पूर कोणाच्या पावसाचा? उष्ण कटिबंधातील मोठ्या नद्या आणि काठच्या वस्त्यांचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

उष्ण कटिबंधातील मोठ्या नद्या आणि त्यांच्या काठच्या वस्त्या हा विषय ज्यांनी नुकताच लघुप्रबंधासाठी किंवा संशोधनासाठी हाती घेतला आहे, त्यांच्यासाठी हे लेखन आहे. पूरमैदान, पूरतट, नागमोडी वळणे, द्रुतवाह, त्रिभुज प्रदेश या संज्ञा तुम्ही पदवीच्या वर्गातच शिकलेल्या आहात, त्यामुळे त्यांच्या व्याख्या मी येथे देत नाही. विषय पहिल्या नजरेला सोपा वाटतो. नदी नकाशावर दिसते, शहरही नकाशावर दिसते, आता दोघांचा संबंध लावला की झाले, असे वाटू लागते. या समजुतीपायी माझ्या अभ्यासाचा सुरुवातीचा बराच काळ खर्ची पडला आणि त्याची रुखरुख अजून गेलेली नाही, म्हणून पुढचे काही परिच्छेद मी एकाच मुद्द्यासाठी देणार आहे. तो मुद्दा पक्का समजला तर बाकीचे तुम्ही स्वतः शोधून काढाल, याची मला खात्री आहे.

मुद्दा असा की एखाद्या ठिकाणी नदीला पाणी केव्हा चढते, हे त्या ठिकाणच्या पावसावरून कधीही ठरवू नये. पाऊस पडला की नदी चढते, ही समजूत मनात इतकी घट्ट बसलेली असते की ती तपासून पाहावी असे कोणाला सुचतही नाही. लहान खोऱ्यात ती खरीही ठरते, कारण तेथे डोंगरावर पडलेले पाणी काही तासांत किंवा फार तर काही दिवसांत गावापुढून निघून जाते. ज्या नदीचे खोरे लाखो चौरस किलोमीटर पसरलेले आहे, तिच्या काठावर उभे राहिल्यावर समोरून वाहणारे पाणी मात्र बहुतांशी दुसऱ्या प्रदेशात, दुसऱ्या महिन्यात आणि कधी कधी विषुववृत्ताच्या दुसऱ्या बाजूला पडलेल्या पावसाचे असते. ते वाटेत पूरमैदानावर पसरलेले असते, सरोवरांत साठलेले असते, जंगलात शिरून पुन्हा पात्रात उतरलेले असते आणि या सगळ्या मुक्कामांचा वेळ त्याच्या प्रवासात मिळवावा लागतो.

नायजर नदी हे याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. सुमारे ४,१८० किलोमीटर लांबीची ही नदी गिनीच्या उंच प्रदेशात, अटलांटिकपासून जेमतेम २४० किलोमीटरवर उगम पावते, पण समुद्राकडे न जाता ईशान्येला सहाराच्या दिशेने वाहते आणि मग मोठे वळण घेऊन आग्नेयेकडे उतरते. गिनीतील मुख्य पाऊस जुलै ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि माली देशातील कूलिकोरो येथे नदी सप्टेंबरच्या सुमारास सर्वाधिक भरते. पुढे ती आंतरिक त्रिभुज प्रदेशात शिरते. येथे उतार जवळजवळ नाहीसा होतो, पाणी हजारो चौरस किलोमीटरवर पसरते आणि त्याचा मोठा वाटा बाष्पीभवनाने कायमचा निघून जातो. मोप्ती येथे पुराचा कळस ऑक्टोबर-नोव्हेंबरकडे येतो आणि टिंबक्टूजवळ तो वर्षअखेरीस पोहोचतो, म्हणजे तेथील तुटपुंजा पाऊस थांबून कित्येक आठवडे लोटल्यावर, आकाश निरभ्र असताना आणि वाळवंटावरून कोरडे वारे सुटलेले असताना.

त्याही पुढे, नायजर देशाची राजधानी नियामे येथे, वर्षाला दोन पूर येतात. पहिला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतो. तो जवळच्या साहेल प्रदेशातील (सहाराच्या दक्षिणेकडील कोरड्या पट्ट्यातील) उपनद्या आणतात आणि तांबड्या मातीने पाणी रंगल्यामुळे त्याला तांबडा पूर म्हणतात. दुसरा डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान येतो. हा गिनीच्या पावसाचा पूर असतो आणि त्याने आपला गाळ वाटेतल्या आंतरिक त्रिभुज प्रदेशात टाकून दिलेला असल्यामुळे त्याचे पाणी गडद दिसते, म्हणून तो काळा पूर. एकाच शहराला, एकाच नदीतून, दोन वेगवेगळ्या प्रदेशांच्या पावसाचे दोन पूर मिळतात, आणि तुम्ही त्या शहराचा केवळ पर्जन्य आलेख काढून बसलात तर त्यांतला एकच पूर तुम्हाला समजेल. दुसरा पूर मग तुम्ही नोंदींची चूक, धरणाचा परिणाम किंवा हवामानबदल अशा कोणत्या तरी खात्यात टाकाल. मी तसे केलेले आहे. पर्जन्याच्या आकड्यांत दोष शोधण्यात मी किती रात्री घालवल्या हे आठवले की अजूनही जीव कासावीस होतो, कारण आकडे अगदी बरोबर होते.

आता वस्त्यांकडे या, म्हणजे हा मुद्दा केवळ जलविज्ञानाचा का नाही ते दिसेल. आंतरिक त्रिभुज प्रदेशात मासेमारी करणारे बोझो, गुरे राखणारे फुलानी आणि भात पिकवणारे शेतकरी एकाच जमिनीचा वेगवेगळ्या महिन्यांत उपयोग करतात. पुरात जेथे मासे वाढतात, तेथेच पाणी ओसरल्यावर बूर्गू नावाचे गवत गुरांना मिळते, आणि बाहेरच्या कोरड्या कुरणांवरून परतणारे कळप दियाफाराबे येथे नदी ओलांडतात ते पाणी उतरू लागल्याच्या हिशेबाने. तेथील तरंगत्या भाताचे गणित तर विशेष आहे. आफ्रिकेचा स्वतःचा भात याच परिसरात लागवडीखाली आला असे मानले जाते. बी पेरले जाते ते स्थानिक पावसावर, आणि रोप मोठे होते ते नंतर चढत येणाऱ्या पुराबरोबर. पूर लवकर आला तर कोवळी रोपे बुडतात, उशिरा आला तर ती वाळतात. शेतकऱ्याच्या हाती असे दोन पंचांगे असतात, एक ढगांचे आणि एक नदीचे, आणि त्या दोहोंमधल्या अंतरावर त्याचे वर्ष अवलंबून असते. गावे बारीकशा उंचवट्यांवर का दाटलेली आहेत आणि वर्षाच्या काही महिन्यांत मासेमारांच्या तात्पुरत्या वस्त्या कोठून उगवतात, या प्रश्नांची उत्तरे नदीचे पंचांग मांडल्याशिवाय मिळत नाहीत.

नायजरचे उदाहरण कोरड्या प्रदेशाचे म्हणून अपवादात्मक वाटेल, तर ब्राझीलमधले, ॲमेझॉनच्या भर जंगलातील मनाऊस पाहा. हे शहर रिओ निग्रोच्या काठी, सोलिमोएस नदीशी (ॲमेझॉनच्या मुख्य प्रवाहाचे हे तेथले नाव) होणाऱ्या तिच्या संगमाच्या किंचित वर वसलेले आहे. येथे सर्वाधिक पाऊस मार्च-एप्रिलमध्ये पडतो आणि ऑगस्टच्या सुमारास तो सर्वांत कमी होतो. नदीची पातळी मात्र जूनमध्ये कळसाला पोहोचते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तळ गाठते. याहून अवघड गोष्ट अशी की मनाऊसपुढील रिओ निग्रोची पातळी निग्रोच्या पाण्यापेक्षा सोलिमोएसच्या फुगवट्यावर अधिक अवलंबून असते. मुख्य प्रवाह चढला की उपनदीच्या तोंडाशी पाणी अडून राहते आणि मागे सरकत जाते. सोलिमोएसचे पाणी अँडीजच्या पायथ्यापासून येते, तर दक्षिणेकडील माडेरासारख्या उपनद्या मार्च-एप्रिलमध्येच भरून घेतात आणि उत्तरेकडील नद्या त्यांच्या नंतर भरतात. म्हणजे मनाऊसच्या बंदरावरचे पाणी समजून घेण्यासाठी हजारो किलोमीटरवरचे पर्जन्य, विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंचे ऋतू आणि संगमावरचा फुगवटा या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

काँगो नदीत हेच कारण अगदी उलट परिणाम घडवते. ही नदी विषुववृत्त दोनदा ओलांडते, तिच्या खोऱ्याच्या कोणत्या ना कोणत्या भागात पावसाळा चालू असतो, म्हणून तिचा प्रवाह वर्षभर बराच स्थिर राहतो आणि पातळीतला फरक ॲमेझॉनच्या तुलनेत पुष्कळच लहान असतो. सेकंदाला सरासरी सुमारे ४१,००० घनमीटर पाणी वाहून नेणाऱ्या या नदीला काँगो लोकशाही प्रजासत्ताकाची राजधानी किन्शासा येथे डिसेंबरमध्ये मोठा आणि मे महिन्याच्या सुमारास लहान असे दोन कळस येतात. येथे आणखी एक काळजी घ्या. किन्शासात पूर आला अशी बातमी वाचली की तो काँगो नदीचाच असेल असे धरू नका. शहरातील न्जिलीसारख्या लहान नद्या आणि उतारावरचे ओहोळ एका रात्रीच्या वादळी पावसाने वस्त्या बुडवतात, तर मोठी नदी आठवडे घेत सावकाश चढते. या दोन पुरांत बुडणारी घरे, पळून जाण्यासाठी मिळणारा वेळ आणि नंतर पसरणारे आजार वेगळे असतात. दोन्ही आपत्तींची एकच सारणी करणारे लघुप्रबंध मी पाहिले आहेत, आणि मला ते अक्षम्य वाटतात.

मेकाँगच्या खोऱ्यात तर पाण्याची दिशाच बदलते. कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह येथे मेकाँगला मिळणारी टोन्ले सॅप नदी कोरड्या काळात त्याच नावाच्या सरोवराचे पाणी मेकाँगमध्ये आणते, आणि साधारण जूनपासून मेकाँग चढली की तीच नदी उलटी वाहून सरोवर भरू लागते. सुमारे २,५०० चौरस किलोमीटरचे सरोवर भर पुरात १०,००० ते १५,००० चौरस किलोमीटरपर्यंत पसरते. काँपाँग फ्लुकसारख्या गावांत घरे दुमजली उंचीच्या खांबांवर उभी आहेत, तर काँपाँग लुआँगसारखी गावे तरंगत असतात आणि पाण्याच्या काठाबरोबर आपली जागा बदलतात. अशा गावाचे अक्षांश-रेखांश देताना महिना लिहिला नाही, तर ती नोंद अपुरी राहते.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. अभ्यासाचे ठिकाण ठरले की वस्तीचा नकाशा उघडण्याआधी एकच आकृती काढा. आडव्या अक्षावर बारा महिने घ्या, स्थानिक पावसाचे स्तंभ काढा, त्यांच्यावर त्या ठिकाणच्या नदीपातळीची रेषा काढा आणि ज्या वरच्या प्रदेशातून पाणी येते तेथील पावसाची रेषा वेगळ्या रंगात काढा. हे काम एका दिवसाचे आहे आणि ते कोणालाही जमते. विसर्गाच्या, म्हणजे दर सेकंदाला वाहणाऱ्या पाण्याच्या, जुन्या नोंदी जर्मनीतील कोब्लेन्झ येथील ग्लोबल रनऑफ डेटा सेंटरकडे मिळतात, ब्राझीलची राष्ट्रीय जलसंस्था आपल्या केंद्रांच्या नोंदी खुल्या ठेवते, आणि १९९५ मध्ये स्थापन झालेला मेकाँग नदी आयोग पातळीची आकडेवारी नियमित प्रसिद्ध करतो. ही आकृती समोर ठेवूनच पुढचे वाचन करा. एखादा लेखक पावसाळ्यात गावात पाणी शिरते असे लिहीत असेल, तर कोणाच्या पावसाळ्यात हा प्रश्न तुम्हाला आपोआप पडू लागेल.

पातळीच्या आकड्यांबाबत एक इशारा स्पष्ट शब्दांत देते. मोजपट्टीवरचा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे. प्रत्येक केंद्राचे शून्य स्थानिक सोयीने ठरवलेले असते. मनाऊसच्या बंदरावर १९०२ पासून पातळी नोंदली जाते. तेथे जून २०२१ मध्ये ३०.०२ मीटर हा विक्रमी उच्चांक नोंदला गेला आणि ऑक्टोबर २०२३ च्या दुष्काळात पातळी १२.७० मीटरपर्यंत खाली आली, तर २०२४ मध्ये ती त्याहूनही खाली गेली. यांतला १७ मीटरहून मोठा फरक खरा आणि अर्थपूर्ण आहे. पण ३०.०२ हा आकडा दुसऱ्या नदीच्या मोजपट्टीशी ताडून कोणती नदी अधिक चढली असा निष्कर्ष काढणे निरर्थक आहे. दोन ठिकाणांची तुलना करायची असेल तर कमाल आणि किमान यांतील फरक घ्या, किंवा विसर्ग घ्या. विसर्ग मोजणेही सोपे नसते, हे लक्षात असू द्या. ॲमेझॉनचा प्रवाह ओबिदोस येथे आधुनिक साधनांनी पहिल्यांदा १९६३ मध्ये मोजला गेला आणि तो आधीच्या अंदाजांपेक्षा पुष्कळच मोठा निघाला.

उपग्रह प्रतिमांतही हाच सापळा वेगळ्या रूपात बसलेला आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशावर काम करणाऱ्या लँडसॅटसारख्या उपग्रहांना ढगांतून पाहता येत नाही, म्हणून दमट उष्ण कटिबंधात हाती येणाऱ्या स्वच्छ प्रतिमा बहुतांशी कमी पावसाच्या महिन्यांतल्या असतात. मध्य ॲमेझॉनमध्ये या प्रतिमा मुख्यतः पाणी उतरू लागलेल्या काळाच्या येतात, त्यामुळे त्यांवरून काढलेली नदी अरुंद आणि पूरमैदान कोरडे दिसते. नायजरच्या आंतरिक त्रिभुज प्रदेशात मात्र निरभ्र आकाश आणि भरलेली नदी एकत्र येतात. म्हणजे प्रतिमांचा कल कोणत्या बाजूला आहे, हे ठिकाणागणिक बदलते आणि ते तुमच्या बारा महिन्यांच्या आकृतीशिवाय कळत नाही. २०१४ पासून सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाच्या प्रतिमा मोफत मिळतात आणि त्यांना ढगांची अडचण नसते. त्या वापरायला शिकण्यात गेलेला वेळ वाया जात नाही. जमिनीच्या उंचीच्या संगणकीय प्रारूपांबाबतही सावध राहा. फेब्रुवारी २००० मधील अंतराळयानाच्या अकरा दिवसांच्या मोहिमेतून तयार झालेले उंचीचे नकाशे अजून सर्वत्र वापरले जातात, पण घनदाट जंगलात त्यांतील उंची बऱ्याच अंशी झाडांच्या शेंड्यांकडे झुकलेली असते. पूरमैदानातील जंगल त्यामुळे टेकाडासारखे दिसते आणि साफ केलेली जमीन खड्ड्यासारखी. तयार मिळणारे जागतिक पूरनकाशे अशाच प्रारूपांवर बेतलेले असतात. त्यांचा रंगीत तुकडा कापून प्रबंधात चिकटवणे हा मला या क्षेत्रातील सर्वांत घातक जवळचा मार्ग वाटतो, आणि तो दिवसेंदिवस लोकप्रिय होत आहे याचे मनापासून वाईट वाटते.

नद्यांच्या लांबीच्या क्रमवाऱ्या आणि कोणते शहर कोणत्या नदीकाठी या जोड्या पाठ करण्यातही वेळ घालवू नका. नाईल लांब की ॲमेझॉन लांब हा वाद उगम आणि मुख कोठे धरायचे यावर फिरत राहतो आणि वस्त्यांविषयी तो काहीही सांगत नाही. स्पर्धा परीक्षेसाठी जोड्या लागत असतील तर त्या वेगळ्या वहीत ठेवा.

वस्त्यांच्या जागांविषयी वाचताना दोन-तीन गोष्टी विशेष उपयोगी पडतात. पहिली उंच काठाची. ॲमेझॉनमध्ये वारझिया म्हणजे गाळाचे, दरवर्षी बुडणारे सुपीक पूरमैदान आणि तेरा फिर्मे म्हणजे न बुडणारी उंच जमीन. सुपीक जमीन पूरमैदानात असल्यामुळे वस्त्याही तेथेच असणार, असा सरळ तर्क पुष्कळ दिवस केला जात असे. विल्यम डेनेव्हन या भूगोलतज्ज्ञाने १९९६ मध्ये असे मांडले की युरोपीय येण्यापूर्वीच्या मोठ्या वस्त्या प्रामुख्याने नदीला थेट भिडलेल्या उंच कड्यांवर होत्या, जेथून पूरमैदानही जवळ आणि न बुडणारी जमीनही पाठीशी. अशा कड्यांवर सापडणारी, माणसाच्या दीर्घ वस्तीने काळी आणि कसदार झालेली माती या मांडणीला बळ देते. आजच्या नकाशावरही मुख्य प्रवाह उंच जमिनीला कोठे भिडतो ते शोधा, मोठी गावे तेथेच दाटलेली आढळतील. ओबिदोसजवळ ॲमेझॉन दोन किलोमीटरांहूनही अरुंद होते आणि पोर्तुगीजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथेच किल्ला बांधला. ओरिनोकोवर सिउदाद बोलिव्हार हे शहरही असेच पात्र आक्रसते तेथे वाढले.

दुसरी गोष्ट वाहतूक तुटण्याची, आणि तिच्यात काँगोचा नकाशा कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक शिकवतो. किन्शासापासून किसांगानीपर्यंत सुमारे १,७०० किलोमीटर नदीत जहाजे चालतात, पण किन्शासाच्या खाली लिव्हिंग्स्टन धबधब्यांची मालिका सुरू होते आणि समुद्राकडून येणारे जहाज मतादी बंदराच्या पुढे येऊ शकत नाही. माल उतरवून पुन्हा चढवण्याच्या या दोन टोकांवर शहरे उभी राहिली आणि त्यांना जोडणारा लोहमार्ग १८९० ते १८९८ या काळात असंख्य मजुरांच्या प्राणांची किंमत देऊन बांधला गेला. वरच्या टोकाला किसांगानी आहे, कारण तेथे बोयोमा धबधबे पुन्हा वाट अडवतात. मेकाँगवर खोन धबधब्यांनी हेच काम केले. १८६६ ते १८६८ च्या फ्रेंच मोहिमेने या नदीतून चीनपर्यंत जहाजे नेता येणार नाहीत हे पाहिले आणि वसाहतीच्या व्यापाराचे बेत दुसरीकडे वळले.

तिसरी गोष्ट नदीच्या जागा बदलण्याची. पेरूमधील इकितोस हे शहर अटलांटिकपासून नदीमार्गे सुमारे ३,६०० किलोमीटर दूर आणि तरीही समुद्रसपाटीपासून केवळ शंभर मीटरच्या आसपास उंचीवर आहे. उतार इतका मंद आणि गाळ इतका भरपूर असल्यामुळे ॲमेझॉनचे वळण सरकत राहते, आणि गेल्या काही दशकांत मुख्य प्रवाह शहराच्या धक्क्यापासून दूर गेला. आता शहरापुढे प्रामुख्याने इताया नदीचे पाणी आहे. बेलेन या खालच्या भागातील घरे तराफ्यांवर किंवा खांबांवर आहेत आणि ती गरिबीमुळे तेथे आहेत, हेही विसरू नका. तरंगत्या घरांचे सुंदर छायाचित्र पाहून ती सगळी पाण्याशी जुळवून घेण्याची परंपरा आहे असे लिहिण्याचा मोह होतो. मनाऊसपुढेही अशीच मोठी तरंगती वस्ती होती आणि १९६० च्या दशकात सरकारने ती हटवली. शहरात परवडणारी जमीन मिळाली नाही म्हणून पाण्यावर राहावे लागणे आणि मासेमारीच्या सोयीसाठी पाण्यावर राहणे, यांत फरक करा. तो फरक नदीच्या नकाशात दिसत नाही, त्यासाठी भाडे, जमिनीची मालकी आणि स्थलांतर यांच्याविषयी वाचावे लागते.

धरणांनी हे पंचांग कोठे कोठे मोडले आहे, याची चौकशी आरंभीच करा. आस्वानचे उंच धरण १९७० मध्ये पूर्ण झाले आणि इजिप्तमधील नाईलचा वार्षिक पूर संपला, त्यामुळे त्याआधीच्या वर्णनांवरून आजच्या गावाविषयी बोलता येत नाही. मेकाँगच्या वरच्या भागात चीनने बांधलेल्या मोठ्या धरणांमुळे खालच्या देशांत कोरड्या महिन्यांतला प्रवाह वाढला आहे आणि पावसाळ्यातला घटला आहे. अशा नदीवर सगळ्या वर्षांची एकच सरासरी काढलीत तर जी नदी कधी अस्तित्वात नव्हती तिचा आलेख तुमच्या हाती येईल. धरणाआधीची आणि नंतरची वर्षे वेगळी ठेवा. जमिनीतला बदलही धरणाइतकाच प्रभावी असतो. साहेलमध्ये १९७०-८० च्या दशकांतील दुष्काळांनंतर मातीवर कडक पापुद्रा बसून पाणी मुरणे कमी झाले, आणि पाऊस पूर्वीइतका नसतानाही नियामेचा तांबडा पूर वाढत गेला. २०१२ आणि २०२० मध्ये त्याने शहरात मोठी हानी केली. काळा पूर हाच मुख्य असे जुन्या ग्रंथांत वाचून आलेल्या विद्यार्थ्याला ही गोष्ट चक्रावून टाकते.

मार्गदर्शकाविषयी माझे मत थोडे कडवट आहे, तरी ते सांगते. ज्यांनी स्वतः कधी मोजपट्टीची नोंदवही वाचलेली नाही आणि जे पहिल्याच भेटीत हवामानबदलाचा परिणाम असा भलामोठा विषय सुचवतात, त्यांच्यापासून दूर राहणे शक्य असेल तर राहा. माझी आकृती पाहून तुझे पाणी येते कोठून एवढे विचारणाऱ्या एका ज्येष्ठ संशोधिकेने मला जे दिले, ते नेमलेल्या मार्गदर्शनातून मिळाले नव्हते. मोठे नाव शोधू नका, असा प्रश्न विचारणारी व्यक्ती शोधा. ती जलविज्ञानाच्या विभागात सापडेल, मानववंशशास्त्राच्या सापडेल, कदाचित तुमच्या एक वर्ष पुढे शिकणाऱ्यांमध्ये सापडेल.

आणि घाबरू नका. या विषयात सर्व नद्या यायलाच हव्यात अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही, ठेवूही नये. एक नदी, तिचा शे-दोनशे किलोमीटरचा पट्टा आणि त्यावरची दोन-तीन गावे एवढे नीट समजले तरी उत्तम लघुप्रबंध होतो. सुरुवातीला आकडे आणि वर्णने जुळत नाहीत तेव्हा आपल्यातच काही कमी आहे असे वाटू लागते. तसे मुळीच नसते. बहुतेक वेळा पाणी दुसरीकडून आलेले असते आणि तुम्ही अजून तेथवर पोहोचलेले नसता, इतकेच.

नदी निवडताना भाषेचाही विचार आधी करा, कारण ॲमेझॉनविषयीचे स्थानिक अहवाल पोर्तुगीज आणि स्पॅनिशमध्ये आहेत, तर नायजर आणि काँगोविषयीचे बहुतांश फ्रेंचमध्ये. कामापुरती वाचता येईल इतकी भाषा काही महिन्यांत शिकता येते आणि मापनकेंद्रांच्या नोंदींतील शब्द तर मोजकेच असतात. पातळी, विसर्ग, पर्जन्य, महिन्यांची नावे आणि मोजपट्टीचे शून्य, एवढ्या शब्दांपासून सुरुवात केलीत तरी पहिली नोंदवही वाचता येईल.